उचलेल तेवढा भारा

तांडा, डोंगरकडा गावाच्या वाटेवर
१४ मार्च २००५

देविदास भिया,

तुझा पत्ता याडीनं दिलेला नाही, तिच्यावर रागावू नकोस. खाजा मिया वसमतहून हळदीची पोती घेऊन नागपूरला जातात आणि वाटेत वणीला चहाला थांबतात. तिथल्या कोळशाच्या डेपोवर तू ट्रक भरताना त्यांना दिसलास. "पयले वळखलाच न्हाई," म्हणाले, "दात तेवढे तुझ्या भावाचे होते, बाकी समदा कोळसा." मग त्यांनीच विचारलं, "चिठ्ठी द्यायची का, बेटी? माझं टपालखातं फुकट हाय." म्हणून हे पत्र त्यांच्या हातून येतं आहे. फोडायचं की नाही ते तू ठरव.

तू जे पहिल्यांदा विचारलं असतंस ते आधी सांगते. भारा चालू आहे. काल याडी अमृतरावांच्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला गेली होती आणि संध्याकाळी डोक्यावर भारा घेऊन आली. घराच्या मागं गंजी रचायला सुरुवात झाली आहे. येऊन बघितलंस तर दिसेल.

तू निघालास त्या दिवशी थावरा नाईकाच्या ओट्यावर, सगळ्या तांड्यासमोर, मी शब्द दिला की पऱ्हाट्या जाळून चालणारा वीजप्रकल्प आला तरी बायकांचा भारा जाणार नाही. तू म्हणालास, "जाईल. आन् पगार घेऊन तूच तो घालवशील." आणि पिशवी उचललीस. इतक्या लोकांत तू मला तसं बोलशील असं वाटलं नव्हतं.

प्रकल्पात कामाला लागताच मी तिथल्या साहेबांना सगळं नीट सांगितलं आहे. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की आमच्या बायका शेतकऱ्याचं रान मोकळं करून देतात आणि त्याची मजुरी घेत नाहीत. दिवस मावळताना ज्या बाईला जेवढा भारा उचलेल तेवढा तिचा. शेतकरी स्वतः हात लावून तो तिच्या डोक्यावर देतो. त्यावर वर्षभर चूल चालते. उरलेल्या पऱ्हाट्या आजवर बांधावर पेटवून देत होते, त्या प्रकल्पानं घ्याव्यात, आमची हरकत नाही. साहेब म्हणाले, "अगदी रास्त आहे." ते पुण्याचे असले तरी ऐकून घेणारे आहेत.

त्या दिवशी साहेबांनी ओट्याच्या भिंतीला लावलेला कागद तू अर्धाच पाहिलास. भाकरीसारखा गोल होता, आठवतं? देशात वीज कशावर तयार होते त्याचा. भाकरीच्या तीन वाट्यांतले दोन वाटे नुसता कोळसा. मग धरणाचं पाणी, मग गॅस, थोडं अणूचं. कडेला एक फाक होती, इतकी बारीक की साहेबांना ती काडीनं दाखवावी लागली. वारा, उसाचं चिपाड आणि आपल्या पऱ्हाट्या. ते म्हणाले, ही फाक वाढली तर कोळसा तेवढा कमी जळेल. तू मागं उभा राहून म्हणालास, "त्या फाकेत याडीची चूल गेली म्हणून समजा." लोक हसले. मला मात्र ती बारीक फाक आवडली होती. देशाच्या एवढ्या मोठ्या भाकरीत डोंगरकड्याच्या रानातलं काहीतरी आहे, असं वाटलं होतं. त्यात चूक काय ते मला अजून कळत नाही.

आश्रमशाळेत जायच्या आधी तूच मला वाचायला शिकवलंस, युरियाच्या पोत्यांवरून. आपली बोली कागदावर नसते, घरी याडी म्हणायचं आणि पाटीवर आई लिहायचं, हे तूच सांगितलंस. आणि पोत्यावर लिहिलंय ते वाचायचं, पण खरं किती ते काट्यावर बघायचं, हेही. मी तशीच वागते आहे, भिया.

होळीला येशील असं याडी म्हणते आहे. मी नाही म्हणत, मी नुसती विचारते.

शिवकन्या


२२ मे २००५

देविदास भिया,

खाजा मियांनी सांगितलं की तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "बरं." मी त्यांना तीनदा विचारलं, आणखी काही? ते वैतागून म्हणाले, "आता 'बरं'चा रंग कोन्ता होता ते बी सांगू का?"

होळीला तू आला नाहीस.

एक गोष्ट झाली ती लिहिते. तुझ्या कानावर दुसरीकडून जायला नको. साहेबांनी विचारलं, भारा म्हणजे किती किलो? शेतकऱ्यांशी करार करायचा तर आकडा पाहिजे. अमृतराव उद्या म्हणाले की बायकांनी निम्मं रान नेलं, तर काय करायचं? हेही खरं वाटलं. मीच सुचवलं की बायकांना प्रकल्पाच्या काट्यावर बोलवू. त्यांनी नेहमीसारखा भारा बांधून आणावा, आपण मोजू आणि तेच लिहू. तोंडी गोष्ट कधीही मोडते, लिहिलेली मोडत नाही, असं मला वाटलं. अजून वाटतं. म्हणजे तेव्हा तरी नक्की वाटत होतं.

त्या दिवशी बायका सणाला निघाल्यासारख्या आल्या. रुख्मिणीकाकीनं तर आरशाची ठेवणीतली घेरदार फेटिया नेसली होती. आणि सगळ्यांच्या डोक्यावर भारे एवढेसे. लहान पोरींनी न्यावेत असे. मी काकीला बाजूला घेऊन विचारलं, "काहून एवढुसा?" ती म्हणाली, "सायबाच्या डोळ्यात खुपाया नको. हावऱ्या दिसलो म्हंजे? जरा कमीच बरं दिसतंय." याडीचाही तसाच. ती मान खाली घालून काट्यावर भारा ठेवून मागं सरकली. कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर पहिल्या भाकरीलाच पुरे म्हणतात, तसं त्या काट्यापुढं लाजल्या.

(याडी आणि काकी मराठीत असं बोलत नाहीत हे तुला माहीत आहे. मी आपल्या बोलीचं जमेल तसं लिहिते.)

काटा अठराच्या आसपास थांबत होता. साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "बरोबर आहे?" याडी याच्या जवळजवळ दुप्पट उचलते. तू आणि मी लहानपणी तिच्या मागं चालायचो तेव्हा भाऱ्यामुळं तिचं डोकं दिसायचं नाही. मी म्हणाले, "काटा बरोबर आहे."

मी खोटं बोलले नाही. त्यांनी काट्याचं विचारलं, मी काट्याचं सांगितलं. बायकांनी मुद्दाम कमी आणलं असं मी म्हणाले असते तर त्यांना साहेबांसमोर खोटं पाडल्यासारखं झालं असतं, आणि याडीला तर नक्कीच. मग करारात लिहिलं गेलं: बाईमागं दिवसाला अठरा किलो.

अठरा किलोही थोडं नाही. रोजचं धरलं तर हंगामात पुष्कळ होतं. मी हिशेब करून बघितला आहे, चूल चालेल. तू काळजी करू नकोस.

हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्यात काट्याचं नव्हतं.

शिवकन्या


९ मार्च २००६

देविदास भिया,

तुझं उत्तर नाही, तरी निरोप मिळाला. खाजा मिया म्हणाले, "तुझा भाऊ बोल्ला, तिला इचारा, काटा बराबर हाय, पर बाई बराबर हाय का?" मी त्यांना म्हटलं, निरोपाला उत्तर पत्रानं देईन. आणि नंतर बरेच महिने लिहिलंच नाही.

भारा चालू आहे. पण अमृतराव आता हात लावत नाहीत. झालं असं की यंदा पऱ्हाट्यांना भाव आला. वीटभट्टीवाले मागतात, साखर कारखान्याचं चिपाड संपलं की त्यांनाही हवं असतं, आणि प्रकल्पाचा बॉयलर तर दिवसरात्र खातोच. पूर्वी अमृतराव बांधावर काडी ओढून मोकळे व्हायचे, आता म्हणतात, "पऱ्हाटी बी पीक झालं, पोरी." परवा संध्याकाळी याडी भारा बांधून उभी राहिली. ते शेताच्या धुऱ्यावरून बघत होते, पण जवळ आले नाहीत. मी होते तिथं. मी म्हटलं, "मामा, हात लावता का?"

ते म्हणाले, "तुझ्या सायबानं वजन ठरिवलं न्हवं? मंग त्येच येतील हात लावाया. आमच्या हाताचं काय काम?"

"अठराच किलो आहे, मामा."

"व्हय. पयले मी देत होतो तव्हा मोजत न्हवतो. आता मोजून राहिलोय, तं द्यावं वाटंना. तूच सांग, काहून आसं?"

तुला सांगता येईल का? मी याडीच्या भाऱ्याला हात लावला आणि तिच्या मागं घरी आले. भारा हलका होता तरी ती वाटेत दोनदा थांबली. वयामुळं असेल.

तांड्यात लाईट अजून नाही. म्हणजे आहे, पण भारनियमनात नसल्यासारखीच. खांब आहेत, तारा आहेत, आणि समोर माळावर प्रकल्पाची धुराडी लाल दिव्यासकट उभी आहे. थावरा नाईक मला रोज विचारतात, "आमच्या पऱ्हाटीची लाईट कुटं गेली गं?" मी सांगते की वीज आधी मोठ्या उपकेंद्रात जाते, तिथं पाण्याची, कोळशाची, सगळी एकत्र होते, मग वाटली जाते. त्यात आपली कुठली ते वेगळं काढता येत नाही. ते म्हणतात, "दूध घालाया गेलं की डेअरीत बी आसंच सांगतात."

तू खोकतोस असं खाजा मियांनी सांगितलं. तोंडाला फडकं बांधत जा. इथं बॉयलरजवळच्या लोकांना बांधायला सांगतात.

शिवकन्या


४ मार्च २००७, धुळवड

देविदास भिया,

तुझा निरोप एका शब्दाचा होता, खाजा मियांनी तो तसाच आणला: "किती?"

भारा किती उरला, त्याचं उत्तर द्यायच्या आधी होळीचं सांगते.

तांड्याची होळी यंदा लहान होती. दरवर्षी प्रत्येक घरातून पऱ्हाट्यांची मोळी यायची आणि पोरं ओढाताण करून ढीग वाढवायची. या वेळी घरोघरी एकेक पेंढी मागावी लागली. नाईक म्हणाले, "होळीमातेला बी अठरा किलोच द्या, लिवलेलं हाय." सगळे हसले, मीही.

मग लेंगी गायला सुरुवात झाली. बायकांनी माझ्यावर एक बांधली आहे. आपल्या बोलीत ती फार चांगली लागते, मराठीत अशी काहीतरी होईल:

काट्याबाई, काट्याबाई, पारड्यात काय गं?
अर्धी भाकर, अर्धी चूल, बाकी सायबाचं पाय गं!

रुख्मिणीकाकी कंबर हलवत माझ्यासमोर आली आणि हातांचा तराजू करून मला तोलून दाखवलं. "हलकी भरली वो, हलकी भरली! परत टाका!" तांडाभर हशा. होळीत शिव्या खायच्याच असतात, तूही खाल्ल्या आहेत. पण हसता हसता मी याडीकडं बघितलं. ती नाचत नव्हती. ती माझ्यासाठी रागावली होती का माझ्यावर, ते मला ओळखता आलं नाही.

आता तुझं उत्तर. अमृतरावांनी निम्म्या रानात सोयाबीन केलं, उरलेल्यात हळद. कापूस पाण्याअभावी दोन वर्षं गेला, म्हणून त्यांना नावं ठेवता येत नाहीत. सोयाबीनचं कुटार जनावरं खातात, चुलीला काही उरत नाही. ज्यांनी कापूस ठेवला त्यांनी पऱ्हाट्या उपटायला ट्रॅक्टर लावला, त्यामुळं बायकांना बोलावणंच आलं नाही. करारात लिहिलं आहे, उपटणाऱ्या बाईला अठरा किलो. जी उपटत नाही तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तो कागद मीच दहा वेळा वाचून सही करायला ठेवला होता, भिया. त्यात एकही चूक नव्हती.

साहेबांनी यंदाचे पैसे दिले, भाऱ्याच्या बदल्यात. याडीनं ते घेतले, पदराला बांधले आणि चुलीपुढं बसून म्हणाली, "ह्ये कसं पेटवायचं ते बी लिवलंय का?"

घरामागं गंजी आहे. थोडी आहे.

शिवकन्या


१७ फेब्रुवारी २००८

देविदास भिया,

हे पत्र खाजा मिया हळदीबरोबर नेणार नाहीत, रिकाम्या ट्रकबरोबर नेतील. तुला कळलंच असेल. आता ते वणीला रिकामे येतात आणि भरून परततात. त्यांचा ट्रक प्रकल्पानं कोळशाला लावला आहे. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उतरले तेव्हा त्यांचंही तोंड काळं होतं. म्हणाले, "बेटी, तुझ्या भावानं भरून दिला, तुझ्या सायबानं उतरून घेतला. घरातल्या घरात येव्हार झाला."

साहेबांना विचारलं तर म्हणाले, "नियमानं थोडा कोळसा चालतो. पऱ्हाटी मिळत नसेल तर भट्टी विझवायची का? चार तालुक्यांची वीज आहे." सुरुवातीला थोडाच होता. आता आवारात पऱ्हाट्यांचा ढीग कोपऱ्यात आणि कोळशाचा मधोमध आहे. तो गोल कागद आता ऑफिसाच्या भिंतीवर लावलेला आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते. त्या बारीक फाकेवर आपलं नाव आहे, पण आत तू भरलेला कोळसा जळतो. कागदावरची भाकर पूर्वीसारखीच दिसते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. भारा गेला. यंदा तांड्यातल्या एकाही बाईच्या डोक्यावर एकही भारा आला नाही. घरामागं गंजी नाही. मागच्या पत्रात थोडी आहे असं लिहिलं होतं, तेव्हाही ती तुराट्या आणि बोरीच्या काट्यांचीच होती. तू शब्द मोडेल असं म्हणाला होतास तो मोडला. मी कुणाला फसवलं नाही, कुणी मलाही फसवलं नाही, आणि तरी तो मोडला. याचंच मला जास्त वाईट वाटतं. कुणी फसवलं असतं तर त्याचं नाव तुला लिहून पाठवता आलं असतं.

ओढ्यावरच्या फरशीपुलाजवळ वळणावर ट्रक हळू होतात. तिथं मागच्या फळीतून कोळशाचे तुकडे सांडतात. तांड्यातल्या बायका टोपल्या घेऊन तिथं बसतात. काकी असते, शेजारची चंदाबाई असते. खाजा मिया वळणावर मुद्दाम जोरात ब्रेक मारतात, असं मला वाटतं. विचारलं तर म्हणतात, "गाडी जुनी हाय, धक्के मारती."

याडीही जाते. मला सांगितलं नव्हतं. कामावरून येताना मी तिला बघितलं. तिनंही मला बघितलं आणि पदर पुढं ओढला, अनोळखी माणसासमोर ओढतात तसा.

परवा तिला घेरी आली. दार लावून भाकरी करत होती, चुलीत तोच कोळसा. काकीनं ओढत बाहेर आणली. आता बरी आहे. डोकं दुखतं म्हणते, आणि भाकरीला वास येतो म्हणून जेवत नाही.

तू रागावला असशील, ते मला माहीत आहे. पण तिची विचारपूस कर.

शिवकन्या


३० मे २००८

देविदास भिया,

तुझा काहीच निरोप नाही. खाजा मिया म्हणाले, तू पत्र वाचलंस आणि त्या दिवशी ट्रक भरायला उठला नाहीस. दुसऱ्यांनी भरला. एवढंच त्यांना माहीत आहे. मी त्याच्यावरून काही ठरवलेलं नाही.

मागच्या सोमवारी साहेबांनी मला गाडीत बसवून ओढ्याच्या वळणावर नेलं. कोळसा वजनात कमी भरतो म्हणून वरून विचारणा झाली होती. पहारेकऱ्यानं बायकांना एका ओळीत बसवलं होतं, टोपल्या समोर. साहेब म्हणाले, "या तुमच्या भागातल्या आहेत ना? ओळखता?"

मी काही बोलायच्या आत काकीच ओरडली, "सांग की वो काट्याबाई! दे आमची वळख! का आमाला बी मोजून घेतीस?"

मी म्हणाले, "ओळखते. ही पहिली सोजराबाई राठोड, माझी आई."

साहेब खरंच दचकले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला काट्यावर एकदाच पाहिलं होतं. मग मी एकेकीचं नाव सांगितलं. आणि सांगितलं की या बायकांना पूर्वी उचलेल तेवढा भारा मिळत होता, आपण तो अठरा किलो केला. काट्यावर त्या लाजून लहान भारे घेऊन आल्या होत्या, माझ्या याडीचासुद्धा निम्मा होता, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.

ते म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काटा बरोबर आहे का विचारलंत."

साहेब मग म्हणाले, "सांगितलं असतं तर मी पस्तीस लिहिले असते. मला काय फरक पडत होता?" आणि थोड्या वेळानं, "तरी आज हेच झालं असतं, शिवकन्या. पऱ्हाटीच राहिली नाही." दोन्ही खरं आहे. मला त्यातलं पहिलं जास्त लागलं. निदान एक हंगाम तरी याडीला पोटभर जळण मिळालं असतं.

त्यांनी पहारेकऱ्याला टोपल्या सोडून द्यायला सांगितलं, त्या दिवसापुरत्या. गाडीत बसायच्या आधी मला म्हणाले की एक तारखेपासून यायची गरज नाही. ओळख दिली म्हणून नाही. पऱ्हाट्या गोळा करायच्या तर गावोगाव बोलणारं माणूस लागतं, कोळशाला लागत नाही. तो फोनवर येतो. त्यांनी चांगलं प्रमाणपत्र लिहून देतो म्हटलं. मी नको म्हटलं नाही. मला नोकरी लागेल, तुझ्यासारखं लांब जावं लागेल कदाचित. ते नंतरचं.

वळणावरून मी याडीबरोबर चालतच घरी आले. दारात तिनं टोपली उतरवली आणि म्हणाली, "आज बराच घावला. सायबासमोर समदाच ठेवला मी, कमी दिसू दिला न्हाई." आणि ती हसली, भिया. कितीतरी दिवसांनी. मला हसता आलं नाही. मी टोपलीला हात लावून आत नेली.

आता मी तुला काय विचारणार आहे ते ऐक. तू ये, असं मी म्हणत नाही. तू बरोबर होतास असंही लिहीत बसत नाही, ते तुला माहीत आहे. तुम्ही तिकडं डेपोवर रोज कोळशावरच रांधता, असं खाजा मिया सांगतात. इथं कुणालाच ते येत नाही. आमचे हात पऱ्हाटीचे आहेत. पऱ्हाटी भसकन पेटते, भाकरी होते, विझते. हा पेटतच नाही, आणि पेटला की विझत नाही. पाऊस तोंडावर आहे आणि दार उघडं ठेवून रांधायचे दिवस संपत आले.

तर एवढं लिही. आधी बाहेर पेटवायचा आणि धूर गेल्यावर आत आणायचा का? किती वेळानं? ओला झालेला तुकडा चालतो का? चुलीत तो वर ठेवायचा का खाली, आणि पेटायला शेणी घालायची का तुराटी? जेवणं झाल्यावर विस्तव आत ठेवला तर चालतो का, का तो बाहेर काढायचाच? आणि डोकं दुखायला लागलं तर काय करायचं?

मला लिहू नकोस. पत्र याडीच्या नावानं लिही, सोजराबाई राठोड, तांडा. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन, मधे माझं काही घालणार नाही. तू जसं लिहिशील तसं, शब्दाला शब्द.

शिवकन्या